विणकामाच्या बाई

टाका गळला आणि नेमकी तेव्हाच बायको दारात येऊन उभी राहिली. त्याने सुया, लोकर, सगळं घाईघाईने उशीखाली सारलं.

"काय लपवलंत?"

"कुठे काय? पेपर वाचत होतो."

"उशीखाली?"

"वाचून झाला."

"बरं. मी जरा पडते. डोकं ठणकतंय."

आतल्या खोलीचं दार बंद झालं. रोज दुपारी दोन ते चार तिचं डोकं दुखायचं. हे त्याच्या पथ्यावरच पडलं होतं.

बंदरावर त्याने तीस वर्षं क्रेन चालवली होती. चाळीस टनांचा डबा बोटभरही इकडेतिकडे न होता टेकवणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. मग खांदा निखळला, डॉक्टरांनी क्रेन बंद केली आणि तो घरी बसला. बसला म्हणजे तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवता का, एवढं विचारलं तरी वसकन अंगावर यायचा.

एकदा मोबाईलवर दोरखंडाच्या गाठी बघत असताना पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. पांढऱ्या कापडावर दोन हात. हातांत बिनबोटांचे लोकरी मोजे, बोटांची फक्त टोकं उघडी. चेहरा नाही, आवाज नाही, खाली नुसत्या सूचना.

तो उठून बसला. एकच धागा. त्याला कुठे गाठ नाही, जोड नाही, आणि बघता बघता त्याचं कापड होत होतं! सारा जन्म दोरखंडांत गेलेल्या माणसाला हे कधी सुचलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला. पन्नाशी उलटल्यावर आपण कशाने तरी असे थक्क होऊ, असं कुणी सांगितलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्याच दिवशी तो लांबच्या दुकानातून सुया आणि लोकर घेऊन आला. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की पिशवी पाठीमागे जायची. पहिले आठ दिवस त्या लोकरीने त्याला रडकुंडीला आणलं. चाळीस टन पेलणाऱ्या हातांना एक टाका पेलेना. मग एका दुपारी सुलट ओळ सुलट आली, उलट ओळ उलट आली, वीतभर कापड तयार झालं, आणि तो ते गालाला लावून कितीतरी वेळ बसून राहिला.

त्या हातांना तो मनातल्या मनात 'बाई' म्हणू लागला. बाई कुठल्या तरी मोठ्या घरातल्या असणार, शिकलेल्या, शांत. असे हात काय कुणाच्याही घरात असतात होय! 'नवशिक्या' या नावाने तो त्यांना शंका विचारायचा. दहा ओळी खाली गळलेल्या टाक्याचं काय करू, असं त्याने एकदा लिहिलं, तर बाईंनी त्यासाठी अख्खा व्हिडिओ केला. सगळं उसवू नका, आकडी घाला, शिडी चढवल्यासारखा टाका एकेक ओळ वर आणा. टाका वर आला तेव्हा त्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

एकदा भीड सोडून त्याने लिहिलं, "आमच्या घरात या कलेची कुणाला जाण नाही. बायकोला तर स्वयंपाकापलीकडे काही सुचत नाही."

"त्यांना कधी विचारलंत?" बाईंचं उत्तर आलं.

त्यात विचारायचंय काय, असं पुटपुटून त्याने मोबाईल बाजूला ठेवला.

आणि गेल्या सोमवारी बाईंनी जाहीर केलं, पुढचा व्हिडिओ शेवटचा.

त्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बाईंचं बघून विणायला घेतलेला स्वेटर गळ्यापर्यंत आला होता, पण प्रश्न स्वेटरचा नव्हता. बाई गेल्या की पुन्हा ती भिंत होती. जन्मात कुणाची केली नव्हती ती मनधरणी त्याने केली. "बाई, थांबू नका. तुमच्यामुळे मी सकाळी अंथरुणातून उठतो. तुमच्या हातांना नमस्कार करावासा वाटतो. अडचण काय आहे ते तरी सांगा."

दोन दिवसांनी उत्तर आलं. "इतकं चांगलं मला आजवर कुणी बोललं नाही. घरच्यांपासून लपवून लपवून कंटाळले आहे, एवढंच. शेवटच्या व्हिडिओत सांगेन सगळं. तुमच्यासाठी या वेळी आवाज ठेवते."

आज तो व्हिडिओ आला. बायको भाजी आणायला बाहेर गेली होती. त्याने दाराला कडी लावली आणि आवाज मोठा केला.

हात आले. सुयांची टकटक त्याला पहिल्यांदाच ऐकू येत होती, आणि तेवढ्यानेच त्याचे डोळे भरून आले. बाईंनी घसा खाकरला. त्या बोलणार, इतक्यात लांबून, बंद दाराच्या पलीकडून कुणीतरी खेकसलं.

"अगं ए! झोपा कसल्या काढतेस? चष्मा कुठे टाकलायस माझा?"

बाईंचे हात थांबले. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा उर्मट माणूस? एवढ्या गुणी बाईशी असं बोलतात? असल्या माणसापायी बाई विणणं सोडणार?

त्याने व्हिडिओ थोडा मागे नेला आणि मोबाईल कानाला लावून पुन्हा ऐकलं.

आवाज त्याचाच होता.