तेलाचं विरजण

थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण झालं, त्या साली गाड्यांत जिवंत तेल आलं. इंजिनाची झीज ते आपणच भरून काढी.

"मावशी, तुमच्या जुन्या गाडीला ही जात मानवेल. पण आधीच्या जातीचं सगळं तेल काढूनच भरा. दोन जाती एकमेकींना खातात," दुकानदाराने बजावलं.

"विरजणाशिवाय दही लागतं होय रे?" म्हणत गंगूबाईंनी आधीचं पळीभर तेल नव्यात घातलंच.

लेक-नातवाला आणायला नवरा-बायको निघाली. घाटाच्या उतारावर बॉनेटखाली कुत्री भांडल्यागत गुरगुर झाली आणि इंजिन बंद पडलं. गाडी मात्र वेग घेत सुटली.

"अहो, थांबवा की!"

"इंजिनाबरोबर ब्रेकही गेला, दगड झालाय. गंगू, दार उघड, उडी मार!"

त्यांनी डोळे मिटून उडी मारली. त्यांचे यजमान धोंडिबा कदम त्याच दुपारी, मार्गशीर्ष वद्य पंचमीला, गाडीसकट दरीत पडून वारले.