चार मिनिटं

फोन एकदाच वाजून थांबला. "बाबा निघाला!" चिमी स्टुलावर चढली.

ही त्या घरातली खूण. कारखान्याच्या गेटबाहेर पडलं की बाबा एक रिंग द्यायचा. गेटपासून घरापर्यंत चार मिनिटं, नूडल्स शिजायलाही चारच. "त्यांना ताटकळत ठेवू नये गं," तो म्हणायचा, "रुसून फुगतात. तुझ्या आईसारख्या."

आईने उकळत्या पाण्यात तीन जुड्या सोडल्या. शेजारच्या पातेल्यात आलं-लसणाचं सूप रटरटत होतं. चिमीने तीन वाडगे मांडले. प्रत्येकात अर्धं अंडं. बाबाच्या वाडग्यात कांद्याची पात जरा जास्तच.

चार मिनिटं झाली. आईने नूडल्स झाऱ्याने उपसून वाडग्यांत घातल्या, वर सूप ओतलं. जिन्यात पावलं वाजली. चिमी दाराकडे धावली. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.

"भेटलं असेल कुणीतरी," आई म्हणाली. "एकदा तोंड उघडलं की मिटतंय थोडंच!"

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटल्याचा मघाशीच होऊन गेला होता. हा थांबेना.

आईने फोन लावला. पलीकडे तो नुसताच वाजत राहिला.

मग दारावर थाप पडली. बाबाच्याच पाळीतला, खालच्या मजल्यावरचा फिटर. डोक्यावरचं हेल्मेट तसंच.

"वहिनी, आम्ही बरोबरच बाहेर पडलो होतो. त्याने तुम्हाला रिंगही दिली. तेवढ्यात आत धूर दिसला, आणि आमच्या पाळीतले म्हातारबुवा आतच राहिलेले. 'आलोच' म्हणाला, आणि परत आत..."

"कधी?"

"तेव्हाच. रिंग दिल्या दिल्या." तो उंबऱ्याच्या आत आला नाही. "गेट बंद केलंय आता. कुणालाच आत सोडत नाहीयेत."

"आई, बघ ना," आतून चिमी म्हणाली. "बाबाच्या नूडल्सनी सगळं सूप पिऊन टाकलं!"

आई वळली. वाडग्यात नूडल्स काठापर्यंत फुगल्या होत्या. सुपाचा थेंब नव्हता. चिमीने आपला वाडगा उचलून त्यातलं सूप बाबाच्या वाडग्यात रिकामं केलं. आईने पातेल्यातलं एक पळी सूप घातलं. मग आणखी एक. काठाशी आलेलं सूप बघता बघता खाली गेलं.

"अजून घाल," चिमी म्हणाली.

बाहेर भोंगा चालूच होता. पळी पातेल्याच्या तळाला घासली.