स्थिर अणुकेंद्रं

“रेणूतून एक इलेक्ट्रॉन निसटला की उरलेले डोलत राहतात, खरंय,” परीक्षक वृंदाला म्हणाले. “पण अणुकेंद्रं जराशी हलली तरी ते डोलणं विरतं. तुम्ही ती स्थिर धरलीत. पाच वर्षांचं गणित पुन्हा करा.”

वृंदाने मार्गदर्शक सरांकडे पाहिलं. पहिल्याच वर्षी तिने हीच शंका काढली होती. “अगं, अणुकेंद्रं हत्तीएवढी जड. ती हलेपर्यंत इलेक्ट्रॉनांचा खेळ आटोपतो,” म्हणत सरांनी तिच्या वहीत ‘श्री’खालीच लाल शाईने लिहिलं होतं, ‘स्थिरच धर.’

सर खुर्चीत जरासे हलले. “हिला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण आमच्या वृंदाबाई ऐकतील तर ना.”

वृंदाने पुढ्यातली तीच वही अलगद पिशवीत सरकवली. दुरुस्त प्रबंधावरही सही सरांचीच लागणार होती.