मी पडले

पहिला घाव कर्टिसच्या गुडघ्यावर बसला. रॉडनी स्टिडमने त्याला दोन्ही पाय धरून गाडीखालून ओढून काढले होते आणि हातातला लांब पाना चालवला होता. हाड मोडल्याचा आवाज अगदी कोरडा आला. त्यानंतरची किंकाळी मात्र डोंगरापर्यंत गेली.

कर्टिस हा रॉडनीचा मेहुणा, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. किंकाळी ऐकून बहीण, टॉन्या, घरातून धावत आली. अंगात कोटसुद्धा नव्हता. तिच्या डाव्या गालावरचा जांभळा डाग आता कडेने पिवळा पडू लागला होता. त्या डागाचे दर्शन होताच रॉडनीचा उरलासुरला विवेकही मावळला. त्याने तिचा दंड धरला, कर्टिस जिच्याखाली होता त्या तिच्याच गाडीत तिला बसवले, किल्ली फिरवली आणि हीटर पूर्ण सोडला.

"काचा लावून बस, टॉनी. इकडं बघू नकोस."

"दादा, मी पडले होते रे. खरंच पडले होते."

त्याने दार लावून घेतले. इंजिन नेहमीपेक्षा मोठ्याने फटफटत होते. क्रोधाच्या भरात ते त्याच्या ध्यानी आले नाही.

पूर्व केंटकीच्या त्या खोऱ्यात 'मी पडले' या शब्दांचा अर्थ पडणे असा कधीच होत नसे. स्त्रिया ते शब्द रविवारी चर्चच्या पायरीवर उच्चारीत, आणि ऐकणाऱ्या स्त्रिया खाली मान घालून सहभोजनासाठी आणलेल्या आपापल्या घेवड्याच्या भांड्याचे झाकण नीट करीत. रॉडनीची आई अशीच आयुष्यभर पडत राहिली. कधी जिन्यावरून, कधी कोळशाच्या बादलीला अडखळून. लहानग्या रॉडनीने तिच्यावर विश्वास ठेवला. अखेरीस ती अशी पडली की पुन्हा उठली नाही. तिच्या शवपेटीवर हात ठेवून त्याने शपथ वाहिली होती, की हे शब्द यापुढे कोणाच्याही तोंडचे खरे मानायचे नाहीत. आणि या हिवाळ्यात टॉन्या पुन्हापुन्हा पडत होती. गाडीतून उतरते आणि पडते, असे कर्टिस सांगे. ऐकणारे पुरुष हसत, आणि त्या हसण्यात हसू नसे.

गाड्यांच्या बिघाडाचे कोड वाचण्याचे यंत्र त्या खोऱ्यात एकट्या रॉडनीपाशी होते. नाताळापूर्वी टॉन्याच्या गाडीतला इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा यंत्र त्यानेच जोडले. यंत्राने ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवले. जुना सेन्सर धुराच्या नळीत गंजून रुतला होता. रॉडनीने ज्योत लावून नळी लाल केली, सेन्सर उपटून काढला आणि त्या जागी नवा बळेच पिळून बसवला. दिवा पुन्हा लागला. त्याने कोड पुसून टाकला. तो परत लागला, त्याने परत पुसला. नवा सेन्सर थोडे दिवस खोटेच बोलतो, असे त्याने बहिणीला समजावले. मागच्या रविवारी कर्टिसने चर्चच्या अंगणात त्याला हळूच त्या दिव्याविषयी विचारले. रॉडनीने सर्वांदेखत उत्तर दिले होते.

"दिव्याचं मी बघतो. तू बायकोवर हात उचलायचं सोड."

दुसरा घाव बरगड्यांवर पडला, तिसरा खांद्यावर. कर्टिसच्या तोंडून रक्त आले आणि बर्फात त्याची लाल भोके पडली. तथापि त्याने हात जोडले नाहीत, तोंडही झाकले नाही. मोडका पाय मागे फरफटवीत तो कोपरांवर सरकू लागला. पळण्याची वाट रस्त्याकडे होती. तो सरकत होता गाडीच्या दाराकडे.

अजूनही हा तिच्याच अंगावर चालला आहे, असे रॉडनीला वाटले. त्याने कर्टिसच्या मिटलेल्या मुठीवर बुटाची टाच ठेवली आणि सर्व भार त्या टाचेवर दिला. बोटे मोडली. मूठ उघडली.

मुठीत सेन्सर होता. काजळीने काळा झालेला.

"नुसत्या बोटांनी निघाला हा," कर्टिस रक्त गिळत म्हणाला. "आटेच राहिले नाहीत नळीला. सगळा धूर आत जातो, रॉडनी. तिला भोवळ येते त्यानं. गाडी बंद कर आधी."

रॉडनी वाकला. सेन्सरच्या आट्यांत नळीच्या लोखंडाची सोललेली तार गुंडाळली गेली होती. बळेच पिळल्यावाचून अशी तार सुटत नाही. हे काम कोणाच्या हातचे, ते त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. फटफटाटही आता त्याच्या कानी आला. उगारलेला पाना हवेत तसाच राहिला.

गाडीचे दार उघडले. टॉन्या बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक होता आणि डोळे कोठेच स्थिरावत नव्हते. दाराची कड धरून तिने पाय पुढे टाकला, जणू जमीन शोधण्यासाठी. कड सुटली. ती त्याच डाव्या गालावर आदळली.

कर्टिस जमिनीवर होता. रॉडनी अजून त्याच्या मोडलेल्या बोटांवर उभा होता. तिला कोणीही हात लावला नव्हता.