दोरीवरची शेजारीण

“गता सित्तीन किती?” अब्दुल-मौगूद उस्तादांनी तिसऱ्यांदा विचारलं.

साबरीन छताकडे बघत राहिली. “तीनचं वर्गमूळ भागिले दोन?”

“अगं, ते तीसचं! मी साठ विचारतोय, साठ!” उस्तादांनी खडू टेबलावर आपटला.

नववीची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. गणितात चांगले गुण पडले, तर साबरीनला पुढच्या शाळेत विज्ञान मिळणार होतं आणि एक दिवस औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभं राहता येणार होतं. नाही पडले, तर व्यापारी शाळेत नाव घालायचं, असं तिच्या बापाने मायक्रोबसच्या हॉर्नवर मूठ आपटून जाहीर केलं होतं. इजिप्तमधल्या त्या दमनहूर गावची बाकी पोरं स्टेशनजवळच्या सेंटरवर जायची. तिथला मास्तर माइक घेऊन तीनशे जणांना एका दमात शिकवायचा आणि जाहिरातीत स्वतःला गणिताचा बादशहा म्हणवून घ्यायचा. साबरीन तिथे शेवटच्या रांगेत बसून फक्त माइकची खरखर शिकून आली होती. आता तिला उस्ताद होते आणि उस्तादांना ती. दुसरं कोणी त्यांच्याकडे उरलंच नव्हतं.

तेवढ्यात उस्तादांची बायको, हाज्जा इन्शिराह, ट्रेमध्ये चहाचे दोन पेले घेऊन दारात उभी राहिली.

“कुठे बसवलंत दोघींना?”

“कोण दोघी?”

“मघापासून तुम्हीच ओरडताय ना, दोन बायका आल्या, दोन बायका आल्या! आणि हो, घरात अर्धीच भाकरी आहे. अर्धी! मग मला बोल लावू नका.”

‘गता सित्तीन’ म्हणजे साठ अंशांचा कोसाइन. पण गल्लीतल्या अरबी बोलीत तेच जरा घाईने म्हटलं, की ‘दोन बायका आल्या’ असं ऐकू येतं. आणि हाज्जाच्या कानांचं काय सांगावं! उस्ताद निवृत्त होऊन दिवसभर घरात बसायला लागले, तेव्हापासून तिला कमीच ऐकू यायचं. त्यांनी हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं होतं. तिने ते डबीसकट कपाटात ठेवून दिलं.

“हाज्जा, मी शिकवतोय!” उस्ताद तिच्या कानाशी ओरडले.

“बरं बरं. पण भाकरी अर्धीच आहे.”

साबरीन हसून हसून टेबलावर आडवी झाली. डोळे पुसत म्हणाली, “दोन बायका आल्या, भाकरी अर्धी. गता सित्तीन म्हणजे अर्धा, उस्ताद!”

उस्तादांनी खडू पुन्हा उचलला. उत्तर बरोबर होतं, पण ते ज्या वाटेने आलं ती वाट काही त्यांना पसंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साबरीन ‘गा तलातीन’वर अडली. म्हणजे तीसचा साइन, पण ऐकायला ‘तीस आले’. बाहेरून लगेच हाज्जाचा आवाज आला, “काय? तीस माणसं आली? या एवढ्याशा घरात? निम्मी जिन्यावर उभी करा!” साबरीनने खिदळतच अर्धा लिहून टाकला.

तिसऱ्या दिवशी कोसाइनची व्याख्या आली. तिथे पोरगी नेहमी घोटाळा करायची. समोरची बाजू घ्यायची की लगतची, हे काही तिच्या डोक्यात बसेना. तिच्या पुस्तकात लगतच्या बाजूला ‘शेजारी’ म्हणतात आणि कर्णाला ‘तार’. उस्ताद तावातावाने म्हणाले, “शेजारी तारेवर! किती वेळा सांगू, शेजारी भागिले तार!”

हाज्जा धुण्याची बादली घेऊन आत घुसली. “आली का ती शेजारची भवानी? माझ्या दोरीवर पुन्हा तिचेच कपडे? बघते तिच्याकडे!” ती तरातरा गच्चीवर निघाली. उस्ताद जिन्यापर्यंत मागे धावले, धापा टाकत परत आले, तोवर साबरीनने पाच उदाहरणं सोडवली होती. पाचही बरोबर होती.

उस्तादांना राग आला, हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. जन्मभर खडू झिजवला आणि पोरीला कळलं ते बायकोच्या बहिरेपणामुळे.

परीक्षा पार पडली आणि एके दिवशी सकाळी अकराला फोनवर निकाल लागला. साबरीनच्या आईने खिडकीतून अशी काही किलकारी मारली, की खालचा भाजीवाला हातचं वजन टाकून वर बघत राहिला. गणितात साठापैकी अठ्ठावन्न! बापाने मायक्रोबस गल्लीच्या मधोमध उभी केली आणि जो भेटेल त्याला सरबत पाजलं. साबरीन बसबूसा मिठाईचा खोका घेऊन धावत उस्तादांकडे आली.

“पहिलाच प्रश्न गता सित्तीन, उस्ताद! मला पेपरात दोन बायकाच दिसायला लागल्या. मी हसले तर बाईंनी दम दिला.”

उस्तादांचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरात नळ सोडलेला होता, तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. तरी त्यांनी दार लोटलं, साबरीनच्या जवळ वाकले आणि अगदी हळू कुजबुजले, “तिला सांगू नकोस हं, उगाच डोक्यावर बसेल. पण खरं सांगू? तू माझ्यामुळे नाही पास झालीस. हाज्जा बहिरी आहे ना, म्हणून झालीस.”

दारामागून हाज्जाचा आवाज आला.

“पोरगी अडली की तेवढ्यापुरती बहिरी होते मी, उस्ताद! बाकी चाळीस वर्षं तुमचं सगळं ऐकूनच घेतलंय.”