चौथी वायर

टेम्पोवाल्याने गाडीचा जोर वाढवणारा डबा विकत आणून इंजिनाला जोडला आणि पहिल्याच चढावर इंजिन जाम झालं. पोटापाण्याची एकुलती एक गाडी रस्त्याकडेला लावून त्याने डब्याच्या कंपनीला फोन केला.

"अहो ताई, पुस्तिकेतल्या चित्रात तीन वायरी आणि डब्याला चार. लिहिणाऱ्याने डबा डोळ्यांनी पाहिला तरी होता का?"

"शांत व्हा, दादा. चौथी कुठे जोडलीत?"

"बॅटरीच्या वायरीला, अंदाजाने. नाहीतर काय कपाळाला जोडू?"

"मग धूर आला असेल. पांढरा की काळा?"

"काळाकुट्ट."

"आधी वास आला की आधी आवाज?"

इतक्या आस्थेने कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. राग जरा निवळला. तो आठवून आठवून सांगत गेला, ती टाइप करत गेली.

"झालं ना लिहून? मग आता सांगा, मी काय करू?"

"गाडीचं आम्हाला नाही सांगता येणार, दादा. पण बरं झालं फोन केलात. ती वायर तिथे जोडायची नाही, हे आज आम्हालाही कळलं. नव्या पुस्तिकेत नक्की छापतो."