यंत्राला दिलेले हात

कुमुदिनी घायकुतीला येऊन नवऱ्याचा टरटरून फुगलेला पाय घोट्यापासून वर चोळत होती. सूज उतरवायचं तिच्या हातांतलं कसब एका कंपनीने आपल्या यंत्रात भरून घेतलं, तेव्हाच ते तिच्या बोटांतून पुसलं गेलं होतं. आणि आज सकाळी ते यंत्रच कायमचं बंद पडलं.

"अगं, तिथून नव्हे," दामोदर कळवळला. त्याने तिचा हात उचलून आपल्या मानेवर ठेवला. "तू आधी इथली वाट मोकळी करायचीस. तरच खाली साचलेलं पाणी वर सरकतं म्हणायचीस. आणि अगदी हलक्या हाताने."

तिने मानेवरून अलगद बोटं फिरवली. "अहो, आता पुढे?"

दामोदरचे डोळे भरून आले. "पुढचं मला कुठलं ठाऊक? तुझा हात मानेवरून फिरला, की मला झोपच लागायची."